जनावरांचा दवाखाना : खाजेची गोळी आणि मोतीचे सुटलेले पोट

समुद्रपूर तालुक्यातील गिरडहून एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र मोठे आहे, सारांश असा. घरचा मोती आठ वर्षांचा. वावरात जागलीला तोच सोबत असतो. तूर-हरभऱ्यात रोही शिरले की आधी तो उठतो, मग माणसे. दोन पावसाळ्यांपूर्वी त्याला खाज सुटली. घरच्यांनी दुकानातून बारीक गोळ्या आणल्या. दोन दिवसांत खाज गेली. गोळी बंद केली की पुन्हा खाज, म्हणून गोळी चालूच राहिली. आता सहा-सात महिने रोज एक, कधी दोन. अलीकडे मोती सारखा पाणी पितो, रात्री ओसरीवर लघवी करतो, भाकरीसाठी हावऱ्यासारखा धावतो. पोट नगाऱ्यासारखे सुटले, दोन्ही कुशींवरचे केस गेले, चार पावले चालला की धापा टाकतो. रोही आले तरी उठत नाही. कोणी जलोदर म्हणतात, कोणी पिसाळेल म्हणून वावराबाहेर सोडून द्या म्हणतात. नागपूरच्या एका नातेवाइकाने मात्र 'हा कुशिंग नावाचा रोग आहे, त्यावर कॅप्सूल मिळते' असे कळवले आणि औषधाचे नावही लिहून दिले. ताईंचा प्रश्न एवढाच : ती कॅप्सूल कुठे मिळेल, आणि किती द्यायची?

ताई, उत्तर आधी देतो, कारण त्यात घाई आहे. ती कॅप्सूल तूर्त देऊ नका. आणि चालू असलेली गोळी आजच्या आज बंदही करू नका. दोन्ही गोष्टी मोतीच्या जिवावर बेतू शकतात. गोळीची रिकामी पाने घेऊन याच आठवड्यात जनावरांच्या डॉक्टरांकडे जा. असे का, ते सविस्तर सांगतो. कारण मोतीसारखी कुत्री गावोगाव आहेत.

गोळीत काय असते?

दुकानातून खाजेवर म्हणून मिळणारी ती बारीक गोळी बहुधा डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनची असते. या सर्वांना स्टिरॉइड म्हणतात. पानावर नाव लिहिलेले असते. शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावे. ही औषधे वाईट नाहीत. 1950 साली या जातीच्या औषधांच्या शोधाबद्दल केंडल, राइखश्टाइन आणि हेंच या तीन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. योग्य वेळी, योग्य मापाने, थोडे दिवस दिली तर ती जीव वाचवतात. पण कायद्याने ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, आणि तसे ठरवण्यामागे कारण आहे.

स्टिरॉइड खाज दाबते, खाजेचे कारण घालवत नाही. गोचीड, पिसवा, लूत जिथल्या तिथे राहतात. फक्त कुत्र्याला त्यांची जाणीव होत नाही. गोळी थांबली की खाज दुप्पट वाटते आणि आपण पुन्हा गोळी देतो. शिवाय या गोळ्यांच्या ताकदीत फार फरक आहे. डेक्सामेथासोनची 1 मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनची सुमारे 6 ते 7 मिलिग्रॅम. म्हणून 'गोळी तर एवढीशी आहे' हा हिशेब खरा नाही.

मुकादम आणि मजूर

आता शरीरात काय घडते ते पाहू. प्रत्येक कुत्र्याच्या (आणि आपल्याही) दोन्ही मूत्रपिंडांजवळ एकेक छोटी ग्रंथी असते. कुत्र्यात तिचा आकार भुईमुगाच्या शेंगेसारखा दिसतो. ही अधिवृक्क ग्रंथी रोज मोजके कॉर्टिसोल नावाचे द्रव्य तयार करते. आजारपण, उपास, भीती, थंडी, मार, अशा प्रत्येक संकटात शरीराला उभे ठेवण्याचे काम कॉर्टिसोल करते. किती करायचे, याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी देते. पिट्युटरी हा मुकादम, अधिवृक्क हा मजूर.

बाहेरून रोज स्टिरॉइडची गोळी गेली की मुकादमाला वाटते, माल भरपूर येतो आहे. मजुराला हुकूम कशाला द्यायचा? हुकूम बंद झाला की मजूर बसून राहतो आणि महिन्या-दोन महिन्यांत वाळतो. इकडे शरीरात स्टिरॉइड गरजेपेक्षा जास्त साचलेले. त्याने तहान वाढते, भूक वाढते, मांस झडते, पोटाचे स्नायू ढिले पडतात, यकृत मोठे होते आणि पोट लोंबते. केस गळतात, कातडी कागदासारखी पातळ होते, लहानशी जखमही लवकर भरत नाही, लघवीच्या मार्गाला वारंवार दाह होतो. मोतीच्या पत्रातले जवळजवळ प्रत्येक लक्षण या यादीत आहे.

आता गोळी एकाएकी बंद केली तर? सहा महिने गोठ्यात उभा असलेला बैल काढला आणि थेट वखराला जुंपला, तर तो पहिल्याच तासात बसेल. वाळलेल्या ग्रंथीचे तसेच होते. बाहेरचा पुरवठा थांबला, आतून काही येत नाही. कुत्रे जेवण सोडते, उलट्या-हगवण सुरू होते, अंग गळते. कधी कुठली मारामारी, कधी ताप एवढ्या निमित्ताने ते कोसळते. लोक म्हणतात, 'गोळी बंद केली आणि कुत्रे मेले, म्हणजे गोळीच हवी होती.' खरे तर गोळी हळूहळू उतरवायला हवी होती.

नातेवाइकांचे म्हणणे अर्धे खरे

कुशिंग हा रोग खरा आहे. हार्वे कुशिंग या अमेरिकन मेंदूशल्यविशारदाने 1912 साली माणसातील असा रुग्ण वर्णिला आणि 1932 साली पिट्युटरीतील लहान गाठीशी त्याचा संबंध दाखवला. तेच दुखणे कुत्र्यांनाही होते, आणि माणसापेक्षा कुत्र्यात ते बरेच जास्त आढळते. सहसा मध्यम वयानंतर होते. पूडल, डॅशहंड, बॉक्सर अशा जातींत अधिक दिसते, पण गावठी कुत्र्यालाही होऊ शकते.

या रोगाचे तीन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिला, पिट्युटरीत बारीक गाठ होऊन मुकादम बेफाम हुकूम सोडतो. आपोआप होणाऱ्या कुशिंगपैकी शेकडा 80 ते 85 कुत्र्यांत हेच असते. दुसरा, अधिवृक्क ग्रंथीतच गाठ होते आणि मजूर हुकुमावाचून माल काढत सुटतो. तिसरा, बाहेरून दिलेल्या स्टिरॉइडने होणारा. बाहेरून पाहिले तर तिन्ही कुत्री सारखीच दिसतात : तेच पोट, तीच तहान, तीच केसगळ. पण आत मात्र नेमके उलटे असते. पहिल्या दोन प्रकारांत ग्रंथी नको तेवढे कॉर्टिसोल करते. तिसऱ्यात ग्रंथी जवळजवळ बंद पडलेली असते.

नातेवाइकांनी लिहून दिलेली ट्रायलोस्टेनची कॅप्सूल ग्रंथीचे काम अडवते. काम बेफाम असेल तर हे उत्तम. पण मोतीची ग्रंथी आधीच वाळलेली असली तर त्या कॅप्सूलने उरलेसुरले कामही थांबेल. म्हणून म्हटले, औषध चांगले आहे, पण या कुत्र्यासाठी नाही.

निदान कसे करतात?

डॉक्टर आधी विचारतील : कोणते औषध, किती, किती दिवस? इंजेक्शन कधी दिले होते काय? काही इंजेक्शनांचा अंमल कित्येक आठवडे राहतो. कानात, डोळ्यांत काय घातले? गजकर्णाचे मलम लावले काय? अनेक मलमांत जहाल स्टिरॉइड असते, आणि कुत्रे ते चाटून पोटात घेते. ही उत्तरे खरी दिली तर अर्धे निदान तिथेच होते. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नये.

मग रक्त आणि लघवीची तपासणी होते. साखर, मूत्रपिंड, यकृत पाहतात. पक्के निदान लागले तर मुकादमाच्या हुकुमाचे द्रव्य (एसीटीएच) टोचून तासाभराने कॉर्टिसोल मोजतात. ग्रंथी बेफाम असेल तर आकडा उसळतो. गोळ्यांनी वाळलेली असेल तर आकडा जागचा हलत नाही. डेक्सामेथासोन अगदी थोडे टोचून आठ तासांत कॉर्टिसोल कितपत दबते, हे पाहण्याचीही एक रीत आहे. सोनोग्राफीत ग्रंथीचा आकार दिसतो. या चाचण्या तालुक्याच्या दवाखान्यात होत नाहीत. त्यासाठी नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळचे. ते 1958 सालापासून आहे आणि 2000 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे घटक आहे. मात्र मोतीसारखा सहा महिन्यांच्या गोळ्यांचा सरळ इतिहास असेल, तर स्थानिक डॉक्टरही उपचार सुरू करू शकतात.

जास्त पाणी पिणे म्हणजे कुशिंगच, असेही नव्हे. मधुमेहात, मूत्रपिंडाच्या दुखण्यात तहान वाढते. कुत्री माजावर येऊन गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांत फार पाणी पिऊ लागली आणि मलूल झाली, तर गर्भाशयात पू झाला असण्याचा संभव असतो. तिथे एक दिवसही थांबू नये. सुटलेले पोट पाण्याचेही असते, लहान पिलांत जंतांचेही असते. डॉक्टरांचा हात पोटाला लागल्याशिवाय हे ठरत नाही.

मोतीचा खरा उपचार

मोतीचा उपचार औषध उतरवण्याचा आहे. डॉक्टर बहुधा जहाल गोळी बदलून प्रेडनिसोलोनवर आणतील. मग रोजची मात्रा कमी, नंतर दिवसाआड, नंतर त्याहून कमी, असे कित्येक आठवडे चालेल. किती आणि केव्हा, हे कुत्र्याचे वजन आणि त्याची तब्येत पाहून ठरते. दुसऱ्याच्या कुत्र्याचा हिशेब आपल्याला लावू नये. या काळात कुत्रे जेवेनासे झाले, उलटी-हगवण झाली, थरथरू लागले किंवा उठेना, तर लगेच डॉक्टरांना कळवावे. शस्त्रक्रिया, मोठी जखम, ताप असे काही उद्भवले तर 'याला स्टिरॉइड चालू होते' हे पहिल्या वाक्यात सांगावे.

त्याचबरोबर खाजेचे मूळ काढले पाहिजे, नाहीतर चक्र पुन्हा सुरू होईल. डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली लुतीचे किडे पाहतील. स्टिरॉइडने अंगची शक्ती घटते, त्यामुळे आधी नसलेली लूतही बळावते. गोचीड-पिसवा-लूत यांवर आता कुत्र्यांसाठीच बनवलेल्या चांगल्या गोळ्या आणि पाठीवर टाकायची औषधे मिळतात. कुत्र्याची बसण्याची जागा, पोते, गोठ्याच्या भिंतीच्या फटी स्वच्छ करणेही तितकेच गरजेचे. गोचीड फक्त अंगावर नसतो, घराच्या फटीतही असतो.

पण पिकावरचे कीटकनाशक पाण्यात कालवून कुत्र्याला आंघोळ घालण्याची चाल काही गावांत आहे, ती सोडून द्यावी. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. जे माणसाच्या कातडीतून आत गेले, ते पातळ कातडीच्या कुत्र्याच्या अंगात किती लवकर जाईल? शिवाय ते अंग चाटणार, आणि त्याच्याशी घरातली मुले खेळणार.

सुधारणा कशी दिसेल? तहान आणि लघवी काही आठवड्यांत कमी होते. पोट त्यामागून आत जाते. केस यायला तीन ते सहा महिने लागतात. दर आठवड्याला आरसा दाखवल्यासारखे पाहत बसू नये. पाणी मोजावे, तेच खरे माप.

खऱ्या कुशिंगवरची औषधे

वाचकांपैकी कोणाच्या कुत्र्याला तपासणीनंतर खरोखर आपोआप झालेला कुशिंग ठरला, तर त्यांच्यासाठी थोडे सांगतो.

जुने औषध मायटोटेन. त्याची गोष्ट शेतकऱ्याला ओळखीची वाटेल. डीडीटीचाच सख्खा नातेवाईक असलेले एक द्रव्य कुत्र्यांना खाऊ घालून अमेरिकेत तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी झडलेल्या आढळल्या. ते 1949 साली प्रसिद्ध झाले. विषाच्या तपासणीतून असे औषध निघाले. मायटोटेन ग्रंथीचा काही भाग नष्टच करते. पहिले आठ-दहा दिवस रोज देतात, मग आठवड्यातून थोडे. या दिवसांत घरच्यांचे डोळे हेच मोठे यंत्र : भाकरीवर तुटून पडणारे कुत्रे जेवताना थबकले, पाणी कमी पिऊ लागले, की मात्रा थांबवून डॉक्टरांना कळवायचे.

नवे औषध ट्रायलोस्टेन. अमेरिकेत 2008 साली कुत्र्यांसाठी त्याला मान्यता मिळाली आणि आज जगभर आधी याचाच विचार होतो. हे ग्रंथी नष्ट करत नाही, कॉर्टिसोल बनण्याची वाट अडवते. दिवसातून एकदा किंवा दोनदा, जेवणासोबतच द्यायचे. साधारण दहा ते चौदा दिवसांनी, मग चार आठवड्यांनी आणि त्यानंतर दर तीन महिन्यांनी रक्त तपासून मात्रा ठरवायची. मूत्रपिंडाचे किंवा यकृताचे दुखणे असलेल्या कुत्र्याला, गाभण कुत्रीला हे देत नाहीत. कॅप्सूल फोडू नये. हातमोजे घालावेत किंवा हात नीट धुवावेत. घरातील गरोदर बाईने तिला हात न लावलेलाच बरा. कुत्रे मलूल झाले, उलट्या झाल्या, जेवण सोडले, तर पुढची कॅप्सूल न देता दवाखाना गाठावा.

ही औषधे महाग आहेत आणि पिट्युटरीची गाठ ती बरी करत नाहीत, लक्षणे आवरतात. म्हणजे उपचार आयुष्यभराचा. नीट उपचाराने कुत्री दीड-दोन वर्षे, कधी अधिकही, चांगली जगतात. दहा-अकरा वर्षांच्या कुत्र्याला नुसती थोडी तहान वाढलेली असेल, एरवी ते खाऊनपिऊन सुखी असेल, तर औषध लगेच सुरू केलेच पाहिजे असे नाही. डॉक्टरांशी बसून खर्च, त्रास आणि कुत्र्याचे सुख यांचा विचार करावा. औषध परवडले नाही म्हणून कोणी स्वतःला दोष देऊ नये. पण तपासणीशिवाय औषध देणे मात्र कोणालाच परवडणारे नाही.

घरी काय करावे?

वजन : धान्याच्या काट्यावर आधी एकटे उभे राहावे, मग कुत्र्याला उचलून. फरक म्हणजे कुत्र्याचे वजन.

पाणी : तीन दिवस कुत्र्याला बांधून, लिटरच्या बाटलीने मोजून घमेल्यात पाणी घालावे आणि उरलेले वजा करावे. नाला, टाके, ढोरांचा हौद यांकडे जाऊ देऊ नये. 20 किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 1 लिटर, फार तर सव्वा लिटर लागते. उन्हाळ्यात थोडे जास्त. 2 लिटरच्या वर रोज जात असेल तर ते दुखणे समजावे.

लघवी करतो म्हणून पाणी तोडू नये. तहान हे दुखण्याचे फळ आहे, कारण नव्हे. पाणी तोडले तर कुत्रे दिवसात सुकेल.

माणसाच्या अंगदुखीची गोळी सोबत देऊ नये. स्टिरॉइडबरोबर तिने पोटात जखमा होऊन रक्तस्राव होतो.

तीच बारीक गोळी किंवा तेच इंजेक्शन उरले म्हणून गाभण गाईला देऊ नये. शेवटच्या महिन्यांत स्टिरॉइडने गाय गाभडते.

लागण आणि पिसाळण्याची भीती

कुशिंग, आपोआप झालेला असो वा गोळ्यांचा, एका कुत्र्याचा दुसऱ्याला, ढोराला किंवा लेकराला लागत नाही. लुतीचा एक प्रकार मात्र माणसाला खाज आणतो, म्हणून कातडी तपासून घ्यावी आणि तोवर मुलांना जवळ घेऊ देऊ नये.

पिसाळण्याचेही तसेच. पिसाळलेल्या कुत्र्याला गिळता येत नाही, लाळ गळते, स्वभाव बदलतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर ते सुमारे दहा दिवसांच्या आत मरते. महिनोन्‌महिने भरपूर पाणी पिणारे, ओळखीच्या हातची भाकरी खाणारे कुत्रे या दुखण्याने पिसाळलेले नसते. तरी रेबीजची लस दरवर्षी टोचलीच पाहिजे. मोतीची राहिली असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा द्यावी, कारण जास्त स्टिरॉइडच्या काळात लसीचा असर कमी पडू शकतो.

तेव्हा ताई, मोतीला वावराबाहेर सोडायचे कारण नाही. तसे सोडले तर गोळी आपोआप एकाएकी बंद होईल, आणि ते त्याच्यासाठी सगळ्यात वाईट. समुद्रपूरच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. गाडी-घोड्याची अडचण असेल तर 1962 या क्रमांकावर फोन करून फिरत्या पथकाची चौकशी करा. जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्या : गोळीचे नाव, रोज किती, किती महिन्यांपासून, आणि तीन दिवसांच्या पाण्याचे माप. तोवर गोळी जशी चालू आहे तशीच, एकही न वाढवता, एकही न चुकवता. यंदाच्या हंगामात रात्रीची जागल दुसऱ्या कोणावर सोपवा आणि मोतीला ओसरीवर निवांत पडू द्या.

पुढील अंकात : गोठ्याच्या फटीतील गोचीड कसे काढावेत.